घरी ऑइल बदलताना चूक झाली, तर पुढे काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : घरी पहिल्यांदाच मोटारीचे इंजिन ऑइल बदलताना फिल्टर हलेना, म्हणून त्यात स्क्रूड्रायव्हर ठोकला आणि फिल्टरचा पत्रा फाटला. ऑइल फरशीभर पसरले. नंतर खालचा ड्रेन बोल्ट आवळताना शेवटच्या क्षणी तो अचानक मऊ लागला. नवे ऑइल भरून झाल्यावर डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर दिसते आहे. आता गाडी सुरू करून पाहावी का?

सुरू करू नये. आपल्याला एवढे एकच उत्तर हवे असेल, तर ते हे आहे. इंजिन बंद आहे तोवर यांपैकी एकाही चुकीने इंजिनाचे काही बिघडलेले नाही. बेअरिंग झिजलेले नाही, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) कोरडा फिरलेला नाही. ऑइलच्या कामातले मोठे नुकसान जवळजवळ नेहमी चुकीनंतरच्या घाईत होते, ‘बघू या, चालते का’ म्हणून किल्ली फिरवल्यावर. किल्ली बाजूला ठेवावी, आणि गाडी जॅकवर असेल तर तिच्या खाली स्टँड लावलेले आहेत याची आधी खात्री करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. ऑइलने निसरड्या झालेल्या फरशीवर तर मुळीच नाही.

सुरुवात बोल्टपासून करू, कारण आपण सांगितलेल्या चौघांत तोच सर्वांत गंभीर आहे. बोल्ट मऊ लागण्याची कारणे दोन असतात. बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा नवा वॉशर असेल, तर तो दबताना क्षणभर मऊपणा जाणवतो आणि लगेच पाना पुन्हा घट्ट लागतो. हे ठीक आहे. वॉशर त्यासाठीच असतो. पण पाना फिरतच राहिला आणि जोर वाढण्याऐवजी तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर चेंबरचे, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठते त्या भांड्याचे, आटे सुटू लागले आहेत असे समजावे. बोल्ट पोलादाचा असतो आणि अनेक गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे या झटापटीत आटे बहुधा चेंबरचेच जातात. अनेक गाड्यांमध्ये या बोल्टसाठी २५ ते ४५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. लांब दांड्याच्या पान्याने अंगाचा भार टाकणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो आणि त्याला ते कळतही नाही. हे काम घरी करायचे असेल, तर फिल्टरच्या पान्याच्याही आधी टॉर्क पाना घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

शंका असल्यास बोल्ट आणखी न आवळता काढून पाहावा. त्यासाठी नवे ऑइल बाहेर काढावे लागेल, पण ते वाया जात नाही. भांडे स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असेल, तर तेच ऑइल पुन्हा भरता येते. बोल्टच्या आट्यांत चंदेरी तारेसारखा ॲल्युमिनियमचा कीस अडकलेला दिसला, की निदान झाले. तोंडाकडचे एक-दोनच आटे गेले असतील, तर त्याच व्यासाचा आणि त्याच आट्यांचा थोडा लांब बोल्ट आतल्या शाबूत आट्यांत धरतो, मात्र तो आत कशालाही टेकत नाही हे आधी मोजून पाहावे लागते. सगळेच आटे गेले असतील, तर भोक मोठे करून त्यात पोलादी आट्यांची हेलिकॉइल (तारेची गुंडाळी) किंवा भरीव बुश बसवणे, नाहीतर चेंबर बदलणे, हे दोनच टिकाऊ उपाय आहेत. टॅप (नवे आटे पाडायचे हत्यार) मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्यात चिकटून बाहेर येतो, आणि काम झाल्यावर अर्धा लिटर ऑइल वरून ओतून उघड्या भोकातून वाहू द्यावे. स्वतःच आटे पाडत आत जाणारा जाड बोल्ट बाजारात मिळतो. तो गाडी दुरुस्तीच्या जागेपर्यंत नेण्यापुरता ठीक, पण तो बऱ्याचदा तिरका जातो आणि नंतरची नीट दुरुस्ती अवघड करून ठेवतो. टेफ्लॉन टेप, सीलंट किंवा इपॉक्सीची पुट्टी लावून गेलेले आटे झाकणे मला अजिबात मान्य नाही. त्यांचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात, आणि बोल्ट पक्का असल्याचा खोटा विश्वास त्यातून मिळतो तो वेगळाच.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चेंबरमधल्या ऑइलवर पंपाचा दाब नसतो. ते तेथे नुसते साठलेले असते. म्हणूनच सैल बोल्टमधूनही उभ्या गाडीत रात्रभर एक थेंब न गळणे शक्य आहे. तो बोल्ट पक्का असल्याचा पुरावा नव्हे. गाडी चालू लागली की उष्णता आणि थरथर त्याला हळूहळू फिरवतात, आणि तो रस्त्यात निसटला तर सगळे ऑइल पाहता पाहता रिकामे होते.

फिल्टरचे नेमके उलट आहे. तो पंपानंतरच्या, दाबाच्या बाजूला बसतो. चालू इंजिनात तेथे काही बार (दाब मोजायचे एकक) एवढा दाब असतो आणि थंड इंजिन सुरू करताना तो आणखी चढतो. त्यामुळे फिल्टरची गळती उभ्या गाडीत दिसतच नाही, आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत पिचकारीसारखी बाहेर पडते. आपला फिल्टर फाटला आहे, तेव्हा प्रथम त्याचा उरलेला भाग कसा निघतो ते पाहू. पातळ पत्रा फाटून हातात आला, तरी इंजिनाला टेकलेली जाड पोलादी तबकडी शाबूत असते. तिच्या कडेला छिन्नी तिरकी टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने हलक्या हातोडीने ठोकत राहिले, की ती हलते. घाव इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीवर पडू नये, एवढे मात्र जपावे. तेथे खोल ओरखडा पडला तर नवा फिल्टर कधीच नीट बसणार नाही. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकण्याचा सल्ला बरेच जण देतात. माझ्या मते तो सल्ला टाळावा. पट्ट्याचा पाना किंवा फिल्टरच्या तोंडावर टोपीसारखा बसणारा पाना वापरावा. हात पोहोचत असेल, तर फिल्टरभोवती सँडपेपर गुंडाळून पकडल्यानेही पुष्कळदा काम होते.

जुना फिल्टर निघाल्यावर दोन गोष्टी बोट लावून तपासाव्यात. पहिली, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना. ती काळी असते, बैठकही ऑइलने काळी झालेली असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती फसवते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर रिंगवर रिंग येते, आवळताना सारे व्यवस्थित वाटते आणि इंजिन सुरू होताच निम्मे ऑइल जमिनीवर येते. घरच्या कामातली मोठ्यात मोठी सांडलवंड बहुधा याच एका कारणाने होते. दुसरी, ज्या आट्यांच्या नळीवर फिल्टर फिरतो ती नळी जुन्या फिल्टरबरोबर निघून आली नाही ना; आली असेल तर ती आधी इंजिनात घट्ट बसवावी. मग बैठक स्वच्छ पुसावी, नव्या रिंगला ताज्या ऑइलचे बोट फिरवावे, फिल्टर हातानेच बसवावा आणि रिंग टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरी आवळावा. फिल्टरवरच फेरी छापलेली असेल तर ती पाळावी. कागदी काडतूस आणि प्लास्टिकची टोपी असलेला फिल्टर असेल, तर टोपीची ओ-रिंग नवी घालावी आणि ती जुनी रिंग ज्या खाचेत होती त्याच खाचेत बसवावी.

आता जास्त झालेले ऑइल. आधी मोजमाप खरे आहे का ते पाहावे. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी. ऑइल ओतून निदान दहा मिनिटे झालेली हवीत. आणि डिपस्टिक एकदा पुसून मगच दुसऱ्यांदा बुडवून वाचायला हवी. ऑइल भरताना डिपस्टिकची नळी आतून माखलेली असते, त्यामुळे पट्टीच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असा डाग दिसतो. अशा वेळी खालचा डाग खरा मानावा. नवा कोरडा फिल्टर पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर साधारण पाव ते अर्धा लिटर ऑइल स्वतःत घेतो, म्हणून त्याआधीच्या मापात वरच्या खुणेच्या किंचित वर गेलेली पातळी आपोआप खाली येऊ शकते. बोटभर वर मात्र फार झाले. बहुतेक मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते, त्यावरून आपल्या गाडीत किती जादा आहे याचा अंदाज बांधता येईल.

जास्त ऑइलाने बिघडते काय, असे पुष्कळांना वाटते. क्रँकचे वजनी भाग चेंबरच्या अगदी जवळून फिरतात. पातळी त्यांच्यापर्यंत चढली की ते ऑइल घुसळून त्यात हवा मिसळतात, आणि फेसाळलेले ऑइल पंपाने ओढले, तरी बेअरिंगमध्ये धातू वेगळे ठेवणारा घट्ट पापुद्रा तयार होत नाही. शिवाय क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीतल्या, हवेबरोबर ऑइलाचे थेंब इंजिनाच्या हवेच्या मार्गात ओढले जातात, निळसर धूर येतो आणि धुराच्या नळीतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे, कारण असे ओढले गेलेले ऑइल तेथे इंधनाचे काम करते आणि इंजिन किल्ली बंद केल्यावरही पळत राहू शकते. जादा ऑइल डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून मोठ्या सिरिंजने किंवा हातपंपाने ओढून घ्यावे. आपल्याला बोल्ट तपासण्यासाठी ते काढायचेच आहे, तेव्हा पुन्हा भरताना पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतावे आणि उरलेले डिपस्टिक पाहत थोडे थोडे घालावे.

पातळी एवढी वर जाण्याचे आणखी एक कारण असू शकते, आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. खालून काढलेले ऑइल खरोखर इंजिनाचेच होते का? काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा बोल्ट इंजिनाच्या बोल्टसारखाच दिसतो आणि हाताला आधी लागतो. निघालेले द्रव लालसर किंवा फारच स्वच्छ असेल तर संशय घ्यावा, पण रंगावर विसंबू नये. काढलेले ऑइल मापून पाहावे. जुने ऑइल काढल्यावर आणि नवे ओतण्याआधी डिपस्टिक कोरडी येते का, हे पाहण्याची सवय असलेल्या माणसाला ही चूक तेथल्या तेथे कळते. गिअरबॉक्सच रिकामा झाला असेल, तर तो नेमक्या सांगितलेल्या द्रवाने, ठरलेल्या पद्धतीने भरेपर्यंत इंजिन सुरू करू नये आणि इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाके जमिनीवर टेकवून गाडी ओढूही नये.

नवे ऑइल चुकीच्या तोंडात गेल्याची उदाहरणेही कमी नाहीत. विंडस्क्रीनच्या पाण्याच्या टाकीत गेले तर टाकी आणि नळ्या साबणाने धुतल्या की निभते. कूलंटच्या टाकीत गेले तर इंजिन सुरू करू नये. ऑइल वर तरंगते, ते तसेच ओढून काढता येते. ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल गेले, तर ते काही थेंब असले तरी पेडलला पाय लावू नये. ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते, ते पूर्ववत होत नाही आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी, भर रस्त्यात दिसू शकतो. हे एकच काम असे आहे की ते घरी निस्तरण्याचा प्रयत्न करू नये. गाडी उचलून न्यावी आणि मेकॅनिकला काय झाले ते स्पष्ट सांगावे.

मोटरसायकलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो. मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी हा क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो (जपानी वाहन-मानक) एमए किंवा एमए२ असे लिहिलेले ऑइल अशा गाडीसाठी असते. एमबी हे वर्गीकरण कोरड्या क्लचच्या स्कूटरांसाठी आहे. चुकीचे ऑइल भरले गेले असेल तर गाडी न चालवता ते काढून योग्य ऑइल भरावे, बहुधा तेवढ्याने भागते. त्या मानाने, योग्य दर्जाचे सिंथेटिक आणि खनिज ऑइल एकमेकांत मिसळल्याची भीती लोक उगाच बाळगतात. ती मोठी चूक नाही.

कधी कधी ऑइलच्या डब्याच्या तोंडावरचे पातळ सील कापताना त्याचा तुकडा ओतण्याच्या तोंडातून आत पडतो. तो बहुधा इंजिनाच्या वरच्या मोठ्या झाकणाखालीच अडकून राहतो. टॉर्चच्या उजेडात पाहून लांब चिमट्याने काढावा. न सापडला तर ते मोठे झाकण उघडणे भाग आहे, कारण तो खाली उतरून पंपाच्या जाळीवर बसला तर पुढे ऑइलचा दाब पडू शकतो.

फरशीवर सांडलेल्या ऑइलावर आधी पाणी मारू नये. पाण्याने ते पसरते आणि वाहून गटारात जाते. लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा मांजरांसाठी मिळणारी शोषक मातीची खडी आधी डागाच्या कडेने आणि मग मध्यावर टाकावी, बुटाने चांगली रगडावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती झाडून पिशवीत भरावी, आणि उरलेल्या डागावर कपडे धुण्याच्या पावडरीचा घट्ट लगदा पसरून ताठ ब्रशने घासावे. काँक्रीट सच्छिद्र असते, म्हणून हे दोन-तीनदा करावे लागते. घासलेले पाणीही गटारात न सोडता शोषकानेच टिपून घ्यावे. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून डाग काढणे धोक्याचे आहे. वाफेला ठिणगी मिळण्याची भीती आहेच, शिवाय पातळ झालेले ऑइल काँक्रीटमध्ये आणखी खोल उतरते.

गाडीवर सांडलेले ऑइल पुसताना सर्वांत आधी सायलेन्सरची नळी आणि तिच्याभोवतीचा भाग थंड असतानाच पुसावा. राहिलेला पातळ थर पहिल्या काही मिनिटांत वास आणि किंचित धूर देऊन जळून जातो, तेवढ्याने घाबरू नये. धूर वाढत गेला किंवा थांबला नाही, तर इंजिन बंद करून ऑइल कोठून येते ते शोधावे. भिजलेले फडके इंजिनाजवळ विसरणे हे खरे आगीचे कारण आहे. ब्रेक क्लीनर वापरायचा तर थंड धातूवरच मारावा. त्याचे क्लोरीन नसलेले प्रकार ज्वलनशील असतात, आणि क्लोरीनयुक्त प्रकार गरम धातूवर पडला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. इंजिनाच्या रबरी पट्ट्यावर ऑइल पडले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावे. ब्रेक डिस्क क्लीनरने स्वच्छ होते, पण ऑइल प्यायलेले पॅड बदलावेच लागतात. मोटरसायकलच्या मागच्या टायरवर उडालेले ऑइल साबणाने धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

काळ्या ऑइलात ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये साठलेली असतात, आणि ते वारंवार कातडीला लागत राहिल्याने प्राण्यांत कर्करोग होतो हे प्रयोगांत दिसले आहे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे, फिल्टर उपडा ठेवून बारा तास निथळू द्यावा, आणि दोन्ही वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नये. मिसळलेल्या ऑइलचा पुनर्वापर अवघड होतो आणि ते नाकारले जाऊ शकते.

बोल्ट, फिल्टर आणि पातळी ही तिन्ही कामे झाली, की मग किल्ली. ऑइल ओतण्याच्या तोंडाचे झाकण बसवले आहे ना, ते पाहावे. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, कारण पंपाला आधी कोरडा फिल्टर भरावा लागतो. तोवर ॲक्सिलरेटर दाबू नये. दहा सेकंदांतही दिवा विझला नाही, किंवा खडखडाट आला, तर लगेच बंद करावे. विझला, तर एक मिनिट इंजिन तसेच हळू चालू द्यावे आणि बाजूने वाकून फिल्टरकडे पाहावे, गाडीखाली मात्र शिरू नये. मग बंद करून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा मोजावी आणि दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आणून ठेवावी. रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. इंजिनाखाली प्लास्टिकचे आवरण असेल, तर त्यात साचलेले जुने ऑइल पुढे कित्येक दिवस ठिबकत राहते आणि नवी गळती असल्याचा भास होतो, म्हणून ते आवरण काढून पुसूनच बसवावे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड असताना, बोल्टभोवती आणि फिल्टरच्या कडेभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा, आणि डिपस्टिक पुन्हा एकदा वाचावी.